चारातलं एक

आमच्या मामाकडून ज्यांनी कधी खिडकीला काच बसवून घेतली असेल त्यांना हे पटेल, की हा माणूस काच कापायच्या आधी गिऱ्हाइकाचा जीव खायचा. टेबलावर काच आडवी घातलेली, पट्टी लावलेली, हातात काच कापायचा हिरा, आणि मान वर करून विचारायचा, "पक्कं?" गिऱ्हाईक म्हणायचं, हो पक्कं. "नक्की?" हो बाबा, नक्की. "नाही, अजून वेळ आहे, विचार करा. एकदा रेघ मारली की संपलं." एक बाई वैतागून म्हणाली, "अहो, न्हाणीघराच्या खिडकीची काच मागतेय मी, लेक नाही देत तुमच्या घरी." सगळं दुकान हसलं. सगळं दुकान म्हणजे मामा, शेजारच्या दुकानातला न्हावी, आणि त्या वेळेला जो कोणी टीव्ही बघत बसला असेल तो.

हे पक्कं-नक्की सगळं टीव्हीतून आलेलं. मामाला गेम शोचं वेड. वेड म्हणजे साधंसुधं नाही. बाकी टीव्हीवर आग लागली तरी तो बघायचा नाही, पण कोणी कोणाला प्रश्न विचारतोय आणि समोरच्याला घाम फुटलाय असं दिसलं की हातातलं काम हातात राहायचं.

मामी लग्न होऊन आली तेव्हा घरात टीव्ही नव्हता, पण टीव्हीची गोष्ट होती. ती गोष्ट मामाने तिला पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि नंतर इतक्यांदा सांगितली की मामीला ती स्वतःच बघितल्यासारखी पाठ झाली. मामा कामाला नवीन लागला होता. एका मोठ्या घरी काच बसवायला गेला, तर आतल्या खोलीत टीव्ही चालू. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला. पडद्यावर एक कोटवाला माणूस माईक घेऊन उभा, समोर एक जाडगेली काकू. मागे तीन पडदे लावलेले. कोटवाला विचारतोय, कुठला उघडू? एकामागे शिलाई मशीन, एकामागे सायकल, एकामागे काय ते माहीत नाही. मामा खिडकीबाहेर उभा, हातात पुट्टीचा गोळा. आतून घरमालक ओरडला, "बसली का काच?" मामा म्हणाला, "बसवतो हो, त्या काकूंचं काय होतंय ते बघू द्या आधी."

काकूने पडदा निवडला आणि मागून निघाला झाडू. लोक हसले. काकू पण हसली, तो झाडू घेऊन मिरवत गेली. मामाच्या हातात पुट्टी वाळून कडक झाली होती.

"बाजूच्या पडद्यामागे मशीन होतं गं," तो मामीला सांगायचा. "वीतभर बाजूला."

"मग तुम्हाला काय? काकू हसली ना?"

"तीच तर गंमत. हसली कशी?"

पुढे घरात टीव्ही आला, मग दुकानात एक जुना आणून ठेवला. खेळ बदलत गेले. आधी ते पडद्यांचे आणि खोक्यांचे होते. मग कार्डावर उत्तर लिहून पाठवायचे आले. मामा दर आठवड्याला पाठवायचा आणि आपलं कार्ड त्या काचेच्या ड्रममध्ये फिरताना दिसतंय का म्हणून टीव्हीला नाक लावायचा. मग गोल चक्र फिरवायचे आले. गाणी ओळखायची, किमती ओळखायच्या, नवऱ्याने बायकोचा आवडता रंग ओळखायचा. तो नवरा-बायकोवाला सुरू झाला की मामी मुद्दाम समोर येऊन बसायची. "सांगा, माझा कुठला?" मामा म्हणायचा, "पुढचा प्रश्न."

आणि मग ते चार पर्यायांचे आले, आणि मामा तिथेच थांबला. त्याच्यानंतर माणसांना किडे खायला लावायचे, एका घरात कोंडून भांडायला लावायचे असलेही खूप निघाले. मामाने एक भाग बघितला आणि म्हणाला, "ह्याला खेळ म्हणत नाहीत. हे आत्याकडे सुट्टीत राहायला गेल्यासारखं आहे."

न्हावी त्याला छेडायचा. "मामा, तुला ह्यात मिळतं काय? बक्षीस त्याला, जाहिरात चॅनेलला, आणि चहा मी पाजतो."

"तुला नाही कळायचं. पिक्चरमध्ये हिरो वाचणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. इथे कोणालाच ठाऊक नाही. आणि माणूस बघ ना, आपल्यासारखाच आहे. नवा शर्ट घालून आलाय, घडी अजून मोडली नाही शर्टाची. बायको तिकडे लोकांत बसलीय, तिच्याकडे बघायला घाबरतोय." मामा बोलताना काच पुसत असायचा. "आणि सगळ्यात मोठं म्हणजे, उत्तर कुठे लपवलेलं नाही. लिहूनच ठेवलंय समोर. चारातलं एक. आपण फक्त बोट ठेवायचं. तू सांग, तुझ्या-माझ्या जन्मात कोणी कधी उत्तर असं समोर मांडून ठेवलंय?"

"माझ्या जन्मात प्रश्नच दोन आहेत," न्हावी म्हणायचा. "दाढी का केस."

मामा काही फार हुशार नव्हता, हे सांगितलं पाहिजे. अर्धी उत्तरं चुकायची. राजधान्या तर हमखास. पण चुकला की टाळी वाजवायचा, "चुकलो! बघ, चुकलो!" म्हणून, बरोबर आलं तर इतका आनंद नाही. एकदा त्याला निवडीला बोलावणं पण आलं. मामीने शर्टाला दोनदा इस्त्री केली. तिथे मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर एकेक बटण ठेवलेलं, येईल त्याने आधी दाबायचं. मामा तसाच परत आला.

"येत नव्हतं का?" मामी म्हणाली.

"येत होतं गं. पण बटण दाबायच्या आधी मी स्वतःलाच विचारलं, पक्कं? तेवढ्यात बाजूच्या पोरीने दाबलं."

हे सांगून सांगून तो वर्षभर हसला.

घरात पण तेच चालायचं. मामी दुपारी विचारायची, "भाजी काय करू?" की हा म्हणायचा, "पर्याय दे." मामी लगेच, "एक, दुधी. दोन, दुधी. तीन, कालचा दुधी. चार, उपास." मामा गंभीर चेहरा करून विचार करायचा. "दोन. पक्कं." त्यांची लेक, आमची ताई, ह्यातच वाढली. फ्रॉक कुठला, फिरायला कुठे, वाढदिवसाला काय, सगळं चारातलं एक. लहान असताना ती रुसून बसली होती, "मला काहीच नको." मामा तिच्यासमोर उकिडवा बसला. "ते पर्यायात नाही. खेळायला बसलीस ना? मग चारातलं एक सांगायचं. उठून जायचं नाही." तो नियमच झाला आमच्या घरात. कोणी पाहुणा आला आणि म्हणाला की ह्यातलं काहीच नको, तर पोरंटोरं ओरडायची, पर्यायात नाही, पर्यायात नाही!

तर असा माणूस.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मामा एका गिऱ्हाइकासाठी आरसा कापत होता. न्हाव्याने सगळं बघितलं, तो दारातच उभा होता. मामाने आरसा पालथा घातला, पट्टी लावली, विचारलं, "पक्कं?" गिऱ्हाईक म्हणालं, पक्कं. आणि मग मामाने दुसऱ्यांदा विचारलंच नाही. नुसता बघत राहिला. न्हावी सांगतो, "मला तिथेच कळलं. नक्की म्हणाला नाही ना, तिथेच." हिरा हातातून टेबलावर पडला. तोंड एका बाजूला ओघळलं. न्हावी एका गिऱ्हाइकाला अर्धी दाढी तशीच ठेवून मामाला घेऊन पळाला.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं बरंच, पण शब्द बाहेर येत नाहीत. लिहायचं पण मेंदूतल्या त्याच जागेतून येतं म्हणे, ते पण गेलं. डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघोट्या.

घरी आणल्यावर मामाला एकच शब्द राहिला होता. "हां." हो म्हणायचं असलं तरी हां, नाही म्हणायचं असलं तरी हां. मामी विचारायची, "चहा देऊ?" "हां." चहा आणला की हाताने लोटायचा. "नको?" "हां." मान हलवायला सांगितली तर होची नाहीला आणि नाहीची होला. एकदा मामी भरलेला कप घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेरून मामा हां हां करत होता आणि तिला बाहेर यायचं धाडस होईना.

मग ताई आली राहायला. तिने दोन दिवस हे बघितलं. मग बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसली आणि त्यांचा डावा हात त्यांच्याच मांडीवर सरळ ठेवला. "बाबा, पर्याय देते. बोटाने सांगायचं. एक, चहा. दोन, पाणी. तीन, पांघरूण. चार, टीव्ही."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग हात वर आला. तीन बोटं.

ताईने पांघरूण आणून घातलं. मामाने ते हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि डोळे मिटले. मायलेकी एकमेकींचे हात धरून उभ्या. मामी म्हणाली, "अगं, ह्यांना थंडी वाजत होती गं. आणि मी चहा पाजत होते."

त्या दिवसापासून घरात परत बोलणं सुरू झालं. लोक बघायला यायचे तर ताई त्यांना दाखवायची. न्हावी रोज दाढी करायला यायचा, तो म्हणाला, "मामा, मलाही खेळू दे. मी कसा आहे? एक, देखणा. दोन, फार देखणा. तीन, हिरो. चार, गाढव." मामाने लगेच चार बोटं वर केली आणि अर्ध्या तोंडाने हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा हसला तो तेव्हा. न्हाव्याने साबण लावायचा ब्रश बाजूला ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले, म्हणाला, फेस गेला.

संध्याकाळी गेम शो लागला की मामा टीव्हीसमोर बोटं दाखवायचा. अर्धी चूक, पहिल्यासारखीच. मामीला वाटलं, चला, माणूस तोच आहे आत. दार लागलंय, पण खिडकी सापडली.

पण खेळ संपला, टीव्ही बंद झाला, की मामा अस्वस्थ व्हायचा. मामीची बाही ओढायचा. "हां. हां हां." ताई बोटं मोजायची. "बाबा, एक, पाठ दुखते. दोन, लघवी. तीन, दिवा डोळ्यांवर येतो. चार, भूक." मामा थोडा थांबायचा आणि एखादं बोट दाखवायचा. कधी पाठ, कधी दिवा. त्या पाठ चोळायच्या, दिवा विझवायच्या. तो जरा गप्प बसायचा. मग परत बाही. "हां." रोज. मामी म्हणायची, आजारी माणूस आहे, संध्याकाळी जीव घाबरत असेल.

मग दुकानाचं निघालं. दुकानाचा मालक निरोप पाठवत होता, बंद किती दिवस ठेवणार म्हणून. ताईने सगळ्यांसमोर विचारलं. न्हावी पण होता. "बाबा, नीट ऐका हं. एक, दुकान सोडून देऊ. दोन, ओळखीच्या काचवाल्याला चालवायला देऊ. तीन, ह्या काकांना देऊ, त्यांचं दुकान वाढेल. चार, सहा महिने थांबू."

न्हावी घाईघाईने म्हणाला, "वहिनी, मी मागितलेलं नाही हां. देवाशपथ."

मामाने एकेकाकडे बघितलं. मग तीन बोटं.

"पक्कं?" ताईने विचारलं. तीन बोटं. "नक्की, बाबा?" तीन.

तर दुकान न्हाव्याकडे गेलं. काच कापायचं टेबल, उभ्या काचा ठेवायची लाकडी चौकट, पट्ट्या, सगळं एका काचवाल्याने उचलून नेलं. न्हाव्याने मधली भिंत पाडून दोन नव्या खुर्च्या टाकल्या. मामीला वाटलं, आता ह्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असेल. पण त्या संध्याकाळी मामाने इतकी बाही ओढली की शिवण उसवली.

मामाला व्यायाम द्यायला एक बाई यायच्या. आम्ही त्यांना व्यायामवाल्या बाईच म्हणायचो. हातात रबरी चेंडू देऊन दाबायला लावायच्या. बोलायला कमी, पण हाताला हळुवार. एक दिवस त्या असताना ताईने चार पर्याय दिले, मामाने दोन दाखवले, ताईने पाणी दिलं. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "छान केलंत हो. कोणी शिकवलं?"

"बाबांनीच," ताई म्हणाली. "लहानपणापासून."

"बरं. आणि चारांत त्यांचं उत्तरच नसलं, तर ते काय करतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना पाणी पण नको, चहा पण नको. भलतंच काही सांगायचंय. तर ते तुम्हाला कळवतात कसं?"

ताई हसत होती ती हसतच म्हणाली, "नाही, तसं आमच्यात नसतं. आमच्या घरचा नियमच आहे ना, चारातलं एक सांगायचंच, उठून जायचं…" आणि तिथेच तिचं तोंड उघडं राहिलं. मामीने पण ऐकलं. भाजी निवडत होती, ती हातातली तशीच राहिली.

बाई मामाजवळ सरकल्या. त्याचा डावा हात उघडून पाचही बोटं पसरली. "मामा, हे बघा. असा अख्खा पंजा दाखवला तर, ह्यातलं काहीच नाही. आजपासून हेही उत्तर आहे. चालेल?"

मामा आपल्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्याच कोणाचा हात असावा तसा.

बाईंनी आधी सोपं विचारलं. चहा, दूध, पाणी, सूप. मामाने दोन दाखवले, दूध दिलं, प्याला. म्हणजे समजलं होतं. मग बाई म्हणाल्या, "रोज संध्याकाळी तुम्ही ह्यांची बाही ओढता ते. एक, पाठ दुखते. दोन, बाथरूम. तीन, दिवा. चार, भूक." मामाने हात वर केला. पंजा. पूर्ण उघडा. खाली घेईचना. बाईंनी हळूच मनगट धरून मांडीवर ठेवला, तर परत वर.

ताई म्हणाली, "बाबा, दुकान. एक, सोडायचं. दोन, काचवाला. तीन, न्हावीकाका. चार, थांबायचं."

पंजा.

ताई उठून बाहेरच्या खोलीत गेली. मामी तिच्या मागे गेली नाही.

न्हाव्याला कळलं तसा तो गिऱ्हाईक सोडून आला. "मामा, मी खुर्च्या काढतो. आजच काढतो. टेबल दुसरं आणू. एक, काढू. दोन, उद्या काढू. तीन, राहू दे, तू माझ्या डोक्यावर बस. आणि पंजा म्हणजे, हा विषयच नाही."

मामाने पंजा दाखवला.

"दुकान नाही?" न्हावी म्हणाला. "दुकानाचं नाहीच काही?"

पंजा.

न्हाव्याला सुटल्यासारखं पण वाटलं आणि रडू पण आलं. "मग काय रे? मग काय आहे?"

तेव्हापासून घरात दुसरं काही नव्हतंच. मामाला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि त्याला रोज पाठ आणि दिवा आणि भूक ह्यातलं एक निवडायला लावलं होतं. त्याने पण निवडलं, नियम त्याचाच ना. दुखत नसलेली पाठ मामीने महिनाभर चोळली होती.

मग मायलेकी शोधायला बसल्या. ताई म्हणाली, आधी मोठं विचारू, मग बारीक. "बाबा, एक, माणूस. दोन, वस्तू. तीन, जागा. चार, काहीतरी काम करायचंय." मामाने एक बोट दाखवलं. माणूस! दोघींना वाटलं, सापडलंच. माणसं कितीशी असणार? ताई, मामी, न्हावी, धाकटा भाऊ. पंजा. गेलेली आई, गेलेले वडील, बहीण, मेव्हणा. पंजा. जुना भागीदार, वरच्या मजल्यावरचे, डॉक्टर, व्यायामवाल्या बाई. पंजा. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, माणूस का वस्तू, तर दोन बोटं दाखवली. वस्तू. तिसऱ्या दिवशी जागा.

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, "असं होतं. आत काय आहे ते त्यांना ठाऊक असेल, पण त्याला माणूस म्हणायचं का वस्तू म्हणायचं, तेच घसरत असेल. किंवा ते ह्या चारांत बसणारं नसेलच."

"मग कशात बसणारं असेल?" मामी म्हणाली.

बाईंनी चेंडू उचलून पिशवीत ठेवला.

धाकट्या भावाशी मामाचं बोलणं नव्हतं, घराच्या एका खोलीवरून. मामीने त्याला बोलावून घेतलं. तो आला, पलंगाजवळ बसला, म्हणाला, "दादा, माझ्यावर राग आहे? एक, आहे. दोन, होता." मामाने दोन दाखवले. भाऊ ढसाढसा रडला. चांगलं झालं, कोणी नाही म्हणत नाही. पण तो गेल्यावर मामाने परत बाही धरली. "हां." मामीला वाटलं, एवढी मोठी गाठ सुटली आणि ती पण नव्हतीच ही.

ताई कामावर जायची तेव्हा मामी एकटीच विचारायची. आधी ती बोटं दुमडून नीट विचारायची, एक, दोन, तीन, चार. मग तिला चार सुचेनात. दोनच सुचायचे. कधी एकच. "बँकेचं काही आहे? …नाही. ताईला मूल नाही म्हणून? …नाही. मला घर बदलायला सांगताय?" दर वेळी पंजा. मामाचा हात दुखून यायचा, तो कोपर उशीवर टेकवून पंजा उभा धरायचा. एकदा खूप वेळाने तिने विचारलं, "माझं काही चुकलं का हो? लग्नापासून आतापर्यंत, माझं काही?"

पंजा.

हे बघून बरं वाटायला हवं होतं. पण मामी आम्हाला म्हणाली, "चुकलं म्हणाले असते तर निदान कळलं तरी असतं. एवढा संसार केला, ह्यांना कुठल्या उशीवर झोप लागते ते मला ठाऊक. शिंक यायच्या आधी कळतं मला की येणार आहे. आणि मला एक गोष्ट सुचत नाही जी हा माणूस मला सांगू शकेल."

संध्याकाळचा गेम शो तरी बघायचे का, तर बघायचे. मामा बोटं दाखवायचा, पण आता तिथेही कधी कधी पंजा. टीव्हीवाला चार उत्तरं सांगायचा, आणि मामा त्याला पण पंजा. मामीला ते बघवायचं नाही. एक दिवस मधेच तिने टीव्ही बंद केला. समोर खुर्चीतल्या माणसाला कठीण प्रश्न पडला होता, तो तसाच गेला. मामी मामाच्या समोर त्या स्टुलावर बसली.

"मला येत नाही उत्तर," ती म्हणाली. "हरले मी. आता नका विचारू."

मामा तिच्याकडे बघत होता. मग कोपर टेकवलं आणि पंजा वर केला. मामीने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, बोटं मिटवली, पोटाशी घट्ट धरला. तिला वाटलं, असा धरून ठेवला तर शांत होतील. तो काही वेळ राहिला तसा. मग त्याने हात हळूहळू, तिला न दुखवता, सोडवून घेतला. आणि परत उघडून धरला. रागाने नाही. तिच्याकडे बघत, वाट बघत.

मामीने परत टीव्ही लावला. काय करणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा झटका आला. दुपारची वेळ होती, ताई दूध कोमट करत होती, मामी त्याचे पाय चेपत होती. ह्या वेळी डावा हात पण गेला. बोटं हलेनात, तो नुसता डोळ्यांनी बघायचा. दवाखान्यात नेलं. तिथे एक रात्र काढली आणि सकाळी गेला.

लोक आले. न्हाव्याने दुकान बंद ठेवलं होतं, तो दाराशी चपला नीट लावत बसला होता, काहीतरी करायला हवं म्हणून. जो येईल तो मामीजवळ बसून मामाला काय सांगायचं असेल त्याचा अंदाज करायचा. कोणी म्हणालं, देवाचं काही राहिलं असेल. कोणी म्हणालं, जुनी आठवण असेल, बालपणाची. धाकटा भाऊ म्हणाला, मला वाटतं त्याला फक्त थँक्यू म्हणायचं होतं तुम्हाला, वहिनी. मामी प्रत्येकाचं ऐकून घेत होती. प्रत्येक वेळी मान वर करून त्या माणसाकडे बघायची, की असेल का. आणि मग मान खाली.

मग एक लांबची आजी आली, तिला काही ठाऊक नव्हतं. तिने मामीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारतात तसं विचारलं, "शांत गेला ना गं?"

ताई पटकन म्हणाली, "हो आजी, शांत गेले."

मामी म्हणाली, "नाही. शांत नाही गेले. सांगत गेले. आम्हाला नाही कळलं."

ताईने पाणी आणून दिलं. दारात आणखी दोघं येऊन उभे होते, न्हाव्याने त्यांना आत जागा करून दिली.